मी लिहिलं, ‘झाडावरून पडून’

बगळ्याचं पिल्लू धरायचं असेल तर आधी त्याची चोच धरायची. पंख नाही, पाय नाही, चोच. नवीन माणूस ते पांढरं, विस्कटलेलं बोचकं बघून दोन्ही हात पुढे करतो आणि लाडाने तोंड जवळ नेतो. चकाकणारं, हलणारं काही दिसलं की बगळा टोचतो. पाण्यात तो मासा असतो, वॉर्डात तो आपला डोळा असतो. माझ्या डाव्या भुवईखाली खूण आहे ती नोकरीच्या दुसऱ्या महिन्यातली. अर्धा इंच खाली बसली असती तर हे सगळं मी एका डोळ्याने लिहीत असते.

एकतीस वर्षं मी पक्षी वॉर्डात ड्रेसर होते. दवाखाना चिंचपोकळीला, एका धर्मादाय ट्रस्टचा, लहानसा. एका बाजूला लेथ मशीनचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला लग्नपत्रिका छापणारा. खाली कुत्री-मांजरं, वर पक्षी. ड्रेसरचं काम काय, असं लोक विचारतात. डॉक्टर तपासतात आणि औषध सांगतात. पक्षी धरायचा, जखम धुवायची, पंखाला आठाच्या आकड्यासारखी पट्टी बांधायची, आइस्क्रीमच्या काडीची खपची करून मोडका पाय सरळ ठेवायचा, भरवायचं, पिंजरा साफ करायचा, मेला तर नोंद करायची, हे सगळं ड्रेसरचं. आणि केसपेपर भरायचा. त्यावर पक्ष्याची जात, कुठून आणला, कोणी आणला आणि इजेचं कारण, असे रकाने असतात. त्या शेवटच्या रकान्याकडे मी पुढे येणार आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी सांगितलं होतं की मुलगी हॉस्पिटलात नोकरीला आहे. कसल्या हॉस्पिटलात, ते सासरच्यांनी विचारलं नाही आणि माझ्या वडिलांनी सांगितलं नाही. गिरणीतला माणूस, साच्यावर, म्हणजे मागाच्या खडखडाटात, उभं राहून कमी बोलायची सवय झालेली. लग्नानंतर आठ दिवसांनी सासूबाईंना कळलं. त्या मालवणच्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “म्हणजे कावळ्यांची नर्स गे तू.” नायगावच्या आमच्या चाळीत पुढे तेच नाव पडलं. मला त्याचा कधी राग आला नाही. कावळ्यांचीही होतेच मी.

राग वेगळ्याच गोष्टींचा आहे. निवृत्त झाल्यावर निवळेल, असं सगळे म्हणाले होते. निवळला नाही. गाळासारखा तळाशी बसलाय आणि जरा हलवला की वर येतो. या अंकाच्या संपादकांनी मला दवाखान्यातल्या गमती लिहायला सांगितलं. गमती आहेत, पण त्याही हलवल्या की गढूळ होतात.

एक गृहस्थ होते, लालबागचे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दर वर्षी यायचे. हातात पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात मांज्याने पंख कापलेला एखादा पक्षी. पहिल्या वर्षी गायबगळा आणला होता, पंख खांद्यापासून लोंबत होता. गृहस्थ खरोखर रडले. मी त्यांना पाणी दिलं. देताना त्यांची बोटं दिसली. दहापैकी सहा बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, पतंग उडवणारे गुंडाळतात तशी. दुसऱ्या वर्षी घार घेऊन आले, पुन्हा रडले. तिसऱ्या वर्षी मी विचारलं की पतंग सोडणार आहात की नाही. ते दुखावले. म्हणाले, बाई, सण आहे तो, म्हणून तर मी पक्षी न चुकता तुमच्याकडे आणतो. हे वाक्य मी लक्षात ठेवलं. माणूस आधी मोडतो आणि मग मोडलेलं आमच्या टेबलावर ठेवून मोकळा होतो. एकतीस वर्षांत या जातीची माणसं मी इतकी पाहिली की पक्ष्यांच्या जाती कमी पडाव्यात.

दुसरे एक आले होते, त्यांचा नाटकांना आणि लग्नांना पोशाख भाड्याने द्यायचा धंदा होता. मेलेल्या बगळ्याची लांब पिसं मिळतील का, असं विचारत होते. फेट्याच्या तुऱ्यासाठी. त्यांच्या आजोबांच्या ट्रंकेत खऱ्या पिसांचा एक तुरा होता म्हणे, हवेने नुसता थरथरायचा, तसा नायलॉनचा थरथरत नाही. मी त्यांना बसवून सांगितलं, कारण माणूस सरळ होता, त्याला माहीत नव्हतं. बगळ्याला ती जाळीसारखी पिसं बारा महिने नसतात. विणीच्या दिवसांतच येतात, पाठीवर आणि मानेमागे, जोडीदाराला दाखवण्यासाठी. म्हणजे ज्याला ती पिसं हवीत त्याने बगळा नेमका घरट्यावरच मारायला हवा. एका काळी जगभर तसेच मारले, मडमांच्या टोप्यांसाठी आणि राजेरजवाड्यांच्या शिरपेचांसाठी. आईबाप सोलून नेले, पिल्लं वर भुकेने मेली. एका तुऱ्यामागे एक अख्खं घरटं. ते गृहस्थ म्हणाले की नायलॉनचाच बरा. जाताना चपला घालता घालता मागे वळून नमस्कार करून गेले. असेही असतात.

आपल्या भाषेने मात्र बगळ्याचं नाव खराब करून ठेवलंय. ढोंगी माणूस दिसला की म्हणायचं बगळाभगत. एका पायावर डोळे मिटून उभा राहतो आणि मासा आला की गिळतो, म्हणून. अहो, त्याचं पोट आहे ते. तो कुणाला फसवत नाही. मी माणसांतले भगत पाहिले, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये परवानगीचा कागद घेऊन उभे असलेले. आता तेच सांगते.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. श्रावणातला रविवार, पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली. माझी रविवारची ड्युटी होती. सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजला. माटुंग्याहून एक बाई बोलत होत्या, लिमये टीचर. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आवाज अगदी वर्गातला, एकेक शब्द सुटा. त्या म्हणाल्या, “आमच्या सोसायटीत झाड तोडतायत आणि बगळ्यांची पिल्लं खाली पडतायत. मी नऊपर्यंत मोजली. आता मोजत नाही.”

पावसाळ्यात मुंबईतल्या मोठ्या पर्जन्यवृक्षांवर बगळ्यांच्या वसाहती बसतात. पांढरे बगळे, गायबगळे, रातबगळे, ढोकरी, सगळे शेजारी शेजारी, चाळीसारखे. काड्यांची साधी घरटी. खालून जाणाऱ्याला कलकलाट, मासळीचा वास आणि शिटलेलं, एवढंच कळतं. त्या शिटण्याने गाडीचा रंग जातो, हे खरं आहे. मला मान्य आहे. गाडी पुसता येते, हेही खरं आहे.

मी भाजीचे प्लास्टिकचे क्रेट आणि जुने टॉवेल घेतले आणि आमच्या ड्रायव्हरला घेऊन दवाखान्याच्या टेंपोने निघाले. सोसायटी जुनी, चार मजल्यांची, आवारात एकच पर्जन्यवृक्ष, अख्ख्या आवारावर छत्रीसारखा. फाटकाबाहेर रस्त्याला लागून सात-आठ गाड्या एका ओळीत उभ्या होत्या. आधी मला त्याचा अर्थ लागला नाही. आत गेल्यावर लागला. गाड्या रोज झाडाखाली असत. फांद्या पडून पत्र्याला पोचा येऊ नये म्हणून सकाळीच सगळ्या गाड्या बाहेर काढल्या होत्या. एकेका फ्लॅटला निरोप गेला होता, किल्ल्या गोळा झाल्या होत्या, काम नीट आखलं होतं. कुणाला इजा होऊ नये याचा विचार त्या लोकांनी केला होता. फक्त तो गाड्यांचा केला होता.

जमिनीवर पाच मोठ्या फांद्या आडव्या पडलेल्या. पानांत पांढरं काहीतरी हलत होतं. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की खाल्लेलं ओकून टाकतं, हलकं होऊन पळता यावं म्हणून. सगळ्या आवारात अर्धे पचलेले छोटे मासे पडले होते. पळता मात्र एकालाही येत नव्हतं. वर आईबाप घिरट्या घालत होते. काही चोचीत खाऊ घेऊन परत येत होते आणि जिथे फांदी होती तिथल्या हवेत पंख मारून थांबायला बघत होते. त्यांच्या पाठीवर ती पिसं होती, तुऱ्याची, विणीच्या दिवसांतली.

सेक्रेटरी साहेब पुढे आले. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून कोर्टात आहे. इस्त्रीचा कुर्ता, बोलणं अतिशय सभ्य. मला “ताई” म्हणाले. फोल्डर उघडून परवानगी दाखवली. मी वाचली. वाळलेल्या आणि धोकादायक फांद्या तोडायची परवानगी होती, आणि तिची मुदत पावसाळ्याआधीच संपली होती. मी ते बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले की कागदोपत्री थोडं मागेपुढे होतंच, पक्षी काय, उडून जातील दुसरीकडे. मी एक पिल्लू चोच धरून त्यांच्यासमोर धरलं. पंखांवर अजून पिसांच्या नुसत्या नळ्या होत्या, टूथपिकसारख्या. हे कसं उडेल, असं मी विचारलं. त्यांनी पिल्लाकडे पाहिलं, मग आमच्या टेंपोकडे पाहिलं.

“त्यासाठीच तर तुम्ही आहात ना,” ते म्हणाले.

मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी दोन्ही हातांत पिल्लू होतं म्हणून नाही उचलला.

झाडावर एक माणूस होता. कमरेला दोर, हातात करवत, पाठीला कोयता. चाळिशीचा, काटकुळा. त्याचं नाव काशिनाथ, मोखाड्याकडचा, ते नंतर कळलं. ठेकेदाराने त्याला पाठवलं होतं आणि स्वतः आलाच नव्हता. घरटी जुनी आहेत, रिकामी आहेत, असं काशिनाथला सांगितलं होतं. पहिल्या फांद्या त्याने खालच्या बाजूने कापल्या, पानांमुळे वरचं दिसत नव्हतं. आता तो वर चढून घरट्यांच्या बरोबरीला आला होता. त्याने वरून ओरडून सांगितलं की साहेब, इथं पिल्लं आहेत, जिती आहेत.

सेक्रेटरींनी मान वर केली. आवाज चढवला नाही. “तू तुझं काम कर. पुढची घे,” असं म्हणाले. मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते. लिमये टीचर माझ्या बाजूला, पाणी भरायची बादली घेऊन, बादलीत पाच पिल्लं. आम्ही दोघींनी ऐकलं.

काशिनाथने करवत दोराला अडकवली, शर्ट काढला, शर्टाची झोळी केली आणि एका अर्धवट तुटलेल्या फांदीवरच्या घरट्यातली चार पिल्लं त्यात घालून दोराने खाली सोडली. तो खाली उतरला आणि सेक्रेटरींना म्हणाला की मी पुढची घेत नाही. त्यांनी त्याला ठेकेदाराचं नाव सांगून बरंच काही ऐकवलं. तो उघड्या अंगाने उभा राहिला, ऐकून घेतलं, वर गेला नाही. त्याच्या दंडावर पिल्लांनी टोचल्याचं रक्त होतं.

फांद्या न्यायला एक ट्रक आला होता, अर्धा भरलेला. त्यातून आवाज येत होते. तेव्हा मी छप्पन वर्षांची होते, गुडघे दुखायचे. साडी खोचून ट्रकवर चढले. काशिनाथ फांद्या उचलायचा आणि मी खालून पिल्लं काढायची, असं दोन तास चाललं. गॅलऱ्यांत माणसं उभी होती. एक-दोघं मोबाइलवर शूटिंग घेत होते. चहाचा वास येत होता कुठल्यातरी घरातून. कुणीही खाली आलं नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण मला ते अजून पचलेलं नाही. चार मजले, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरलेल्या, आणि कुणीही खाली आलं नाही. मेलेली पिल्लं नंतर वनखात्याच्या माणसांनी येऊन मोजली, पंचनामा केला. मी जिवंत मोजली. एकेचाळीस.

एकेचाळीस बगळे भरवणं म्हणजे काय ते सांगते. दर दोन तासांनी एकेकाची चोच उघडून चिमट्याने मांदेली किंवा करंदी घशाशी सोडायची. गिळली तर ठीक. ओकली तर पुन्हा. शेवटच्या पिल्लापर्यंत जाईतो पहिलं ओरडायला लागलेलं. दादरच्या बाजारातली आमची नेहमीची कोळीण पहिल्या दिवशी बारीक मासळीची पाटी स्वतः घेऊन आली, वॉर्डात एक चक्कर मारली, सेक्रेटरींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुसऱ्या दिवशीपासून रोज पाटी पाठवत राहिली. लिमये टीचर रोज सकाळी यायच्या. डोळ्यांना पोहायचा चष्मा लावून, चिमटा घेऊन, वर्गात वह्या तपासाव्यात तशा एका पिंजऱ्याकडून दुसऱ्याकडे जायच्या. ज्यांच्या मांड्या मोडल्या होत्या त्यांचं काही करता येत नव्हतं. बगळ्याचं सगळं आयुष्य पायांवर असतं. आमच्या डॉ. साठे कायमचं झोपवायची सुई द्यायच्या आणि मी धरायची. तीन दिवसांत अकरांना धरलं.

सोमवारी दुपारी व्यवस्थापक पाटकरांनी मला खाली बोलावलं. माणूस वाईट नव्हता. दवाखाना चालावा म्हणून दारोदार फिरायचे, सणाच्या दिवशीही हजर असायचे. त्यांनी मला खुर्ची दिली. त्या सेक्रेटरींचे मेहुणे आमच्या ट्रस्टचे जुने देणगीदार होते. एक्स-रेच्या खोलीवर त्यांच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी होती. केसपेपर अजून भरायचे राहिले होते, कारण कुणाला वेळच नव्हता. पाटकर म्हणाले, “परबबाई, प्रत्येक पिल्लू कसं पडलं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय का? झाडावरून पडली, एवढं नक्की. तेवढंच लिहा. त्यात खोटं काय आहे?”

मी वर आले. बसले. एकेचाळीस केसपेपर घेतले आणि इजेच्या कारणाच्या रकान्यात एकेचाळीस वेळा लिहिलं, झाडावरून पडून.

मी घाबरले होते का? थोडी. दमले होते, हे जास्त खरं. आणि मी स्वतःची समजूत घातली की पिल्लं जगणं महत्त्वाचं, रकाना काय, कोण वाचतंय. पाटकर म्हणाले त्यात खोटं काहीच नव्हतं. एकही शब्द खोटा नव्हता. असं खोटं लिहायला अनुभव लागतो. माझ्याकडे एकोणतीस वर्षांचा होता.

महिन्याभराने एका दुपारी दवाखान्याच्या जिन्यात एक बाई बसलेली दिसली. हिरवं लुगडं, पायांत स्लिपर. कुत्रं-मांजर काही बरोबर नव्हतं. मला वाटलं वाट चुकली. तिने विचारलं की बगळ्याची पोरं इथंच आणलेली का. मी हो म्हटलं. ती काशिनाथची बायको होती. काशिनाथला अटक झाली होती.

मी तिला वर नेलं, पाणी दिलं आणि तिने सांगितलं ते ऐकलं. सोसायटीने जबाब दिला होता की परवानगी वाळलेल्या फांद्यांची होती, आम्ही तेवढंच सांगितलं होतं, बाकी त्या मजुराने स्वतःच्या मर्जीने तोडलं. आणि पिल्लांचं म्हणाल तर ती पावसापाण्यात पडतातच, दवाखान्याचे कागदच तसं सांगतात. माझे कागद. मेहुण्यांनी ते मिळवले होते. ठेकेदाराने हात वर केले होते. कायद्याच्या भाषेत वन्य पक्ष्याचं घरटं मोडणं ही शिकारच. तेव्हा आता शिकारी कोण, तर ज्याच्या हातात करवत होती तो. ज्याने शर्ट काढून पिल्लं खाली सोडली तो.

त्या बाईला गावातल्या कुणी सांगितलं होतं की पिल्लं जगली तर शिक्षा कमी होते. तेवढ्यासाठी ती मोखाड्याहून आली होती. तिने विचारलं, “किती जगली?”

मी म्हटलं, सोळा.

ती म्हणाली, “सोळा पुरतील का, बाई?”

मी तिला पिंजऱ्यांपाशी नेलं आणि सोळाच्या सोळा दाखवली. तोपर्यंत त्यांना पिसं फुटली होती, एका पायावर उभी राहायला शिकली होती. तिने बोटाने मोजली. दोनदा.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि लिमये टीचरना बरोबर घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेले. जबाब घेणारा अधिकारी तरुण होता. मी सगळं सांगितलं, गाड्या बाहेर काढल्यापासून ‘पुढची घे’पर्यंत. त्याने माझे केसपेपर समोर ठेवले आणि विचारलं की हे अक्षर तुमचं का. माझंच. मग हे खोटं आहे असं तुमचं म्हणणं आहे का. मी म्हटलं, अर्धं लिहिलंय, मुद्दाम अर्धं लिहिलंय. कुणाच्या सांगण्यावरून, असं त्याने विचारलं. मी पाटकरांचं नाव सांगितलं, पण हेही लिहून घ्यायला लावलं की पेन माझ्या हातात होतं. काशिनाथच्या हातात करवत होती तसं. तो खाली उतरला होता, मी उतरले नव्हते.

त्या आठवड्यात माझी बदली झाली. वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर, औषधांच्या कोठारात. पाटकरांनी कागद हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही. राहिलेली दोन वर्षं मी बँडेजची बंडलं आणि सलाइनच्या बाटल्या लावल्या. वर माझ्या जागी नवीन मुलगी आली. तिला आठाची पट्टी कशी बांधायची ते जेवणाच्या सुट्टीत मी चोरून शिकवलं. वरच्या वॉर्डात मला जायला मनाई होती, असं कुणी लिहून दिलं नव्हतं. आमच्याकडे महत्त्वाचं लिहून देत नसत. सोळा बगळे शिवडीच्या खाडीवर सोडले त्या दिवशी मी कोठारात कापूस मोजत होते. डॉ. साठेंनी येऊन सांगितलं की क्रेट उघडल्यावर चौदा लगेच उडाले, दोन चिखलात उभे राहिले, मग तेही गेले. मी ऐकलं आणि पुन्हा कापूस मोजला, कारण आकडा चुकला होता.

कोर्टात उलटतपासणी झाली तेव्हा मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. सोसायटीचा वकील हुशार होता. त्याने केसपेपर आणि माझा जबाब शेजारी शेजारी ठेवले आणि अगदी गोड आवाजात विचारलं की बाई, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलताय, दोन्हींपैकी एक सांगा. त्याला वाटलं मी गडबडेन. हा प्रश्न मी कोठारात दोन वर्षं स्वतःला विचारत होते. मी म्हटलं, “तेव्हा लिहिलं. माझं नाव घालून नोंदवून घ्या.” न्यायाधीश साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि टंकलेखकाला लिहायला सांगितलं. लिमये टीचरनी त्यांच्या साक्षीत एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. काशिनाथला सोडलं. सेक्रेटरींवर खटला उभा राहिला आणि तेव्हापासून तारखा पडतायत. एकदा वकील आजारी, एकदा साहेब रजेवर, एकदा कागद सापडत नाही. झाड अर्धं उरलंय. बगळे पुढच्या पावसात तिथे आले नाहीत.

मागच्या वर्षी मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले. सोसायटीने कुंपणाची भिंत रंगवून घेतलीय. तळं, कमळं, सूर्य, आणि तळ्यात पांढरे बगळे, सात मोजले. खाली पक्षी वाचवा असं लिहिलंय. त्या भिंतीला कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालं, असं लिमये टीचर म्हणाल्या. त्यांच्याशी त्या इमारतीत कुणी बोलत नाही. दिवाळीत त्यांच्या दारात फराळाचं ताट येत नाही, त्यांनी पाठवलेलं झाकलेलंच परत येतं. त्या त्याबद्दल तक्रार करत नाहीत. चकल्या घेऊन माझ्याकडे नायगावला येतात, आम्ही दोघी खातो. लोक मला विचारतात की एवढ्याशा पक्ष्यांसाठी एवढं कशाला. पूर्वी बगळा मारला तो निदान सुंदर दिसला म्हणून. आता गाडी घाण होते म्हणून. आपण पुढे आलोय की मागे, ते ज्याने त्याने ठरवावं.

काशिनाथ अजून झाडं छाटतो. दुसरं काम त्याला येत नाही आणि माझ्यासारखीच त्यालाही लाज वाटत नाही आपल्या कामाची, वाटू नये. माझा नंबर त्याच्याकडे आहे. या पावसात आषाढात एका दुपारी मी भात टाकत होते तेव्हा त्याचा फोन आला. आवाज दबका होता आणि मागे वारा. म्हणाला, “बाई, वर हाय मी. दादरला. घरटी हायेत, आत अंडी हायेत, निळी निळी. खालचा साहेब म्हणतो रिकामी हायेत, तोड.”

मी गॅस बंद केला.

“तू उतर,” मी म्हटलं. “आणि फोन त्याच्या हातात दे.”